फुटबॉलचा इंजिनियर : हर्बर्ट चॅपमन

शनिवारी रात्री टीव्ही रूममध्ये मॅच सुरू झाली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन तट पडतात. आर्सेनलवाले एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. कोणाला का काढलं, कोणाला का घेतलं यावर मॅच संपल्यानंतरही मेसमध्ये वाद चालू राहतात. शिव्या मात्र शेवटी एकाच माणसाला पडतात, मॅनेजरला. पण टीम निवडायचं काम मॅनेजरचं, हे मुळात कोणी ठरवलं हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. पाठीवर नंबर का आले, दिव्यांच्या उजेडात मॅच खेळायची कल्पना इंग्लंडमध्ये कोणी लावून धरली, लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका स्टेशनला चक्क आर्सेनल हे नाव कसं मिळालं, हे प्रश्नसुद्धा पडत नाहीत. याची उत्तरं शोधत गेलं की एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. हर्बर्ट चॅपमन. आणि मित्रांनो, विशेष म्हणजे हा माणूस आपल्याच जमातीतला होता. तो इंजिनियरिंग शिकलेला होता.

चॅपमनचा जन्म १९ जानेवारी १८७८ चा. गाव किव्हटन पार्क, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. अशा गावात मुलाचं भवितव्य जन्मतःच ठरलेलं असायचं, बापाच्या पाठोपाठ खाणीत उतरायचं. पण हर्बर्ट अभ्यासात हुशार निघाला आणि शेफिल्डच्या टेक्निकल स्कूलमध्ये मायनिंग इंजिनियरिंग शिकला. खाणीतल्या इंजिनियरला एक गोष्ट पक्की कळावी लागते. वरचा भार नेमका कुठे येतोय ते ओळखायचं आणि छत खाली यायच्या आत तिथे टेकू द्यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

खेळाडू म्हणून मात्र तो साधारणच होता. घरात खरा खेळाडू होता त्याचा धाकटा भाऊ हॅरी. हॅरीने शेफिल्ड वेन्सडेकडून १९०३ आणि १९०४ अशी दोनदा लीग जिंकली आणि १९०७ मध्ये एफए कपही जिंकला. हर्बर्ट स्टॅलीब्रिज, रॉचडेल, ग्रिम्सबी, स्विंडन असा गावोगाव फिरत राहिला. जिथे इंजिनियरची नोकरी मिळेल त्याच्या आसपासचा क्लब बघायचा, असा त्याचा बराच काळ गेला. पुढे टॉटनहॅमकडून खेळताना तो पिवळ्या कातड्याचे बूट घालायचा. खेळापेक्षा लोकांच्या लक्षात ते बूटच जास्त राहिले. १९०७ पर्यंत त्याचं वय २९ झालं होतं आणि फुटबॉल सोडून पूर्ण वेळ इंजिनियरिंग करावं असं त्याच्या मनात पक्कं होत आलं होतं.

तेवढ्यात एक गंमत झाली. नॉर्दॅम्प्टन टाऊन या क्लबने टॉटनहॅममधल्या त्याच्या एका सहकाऱ्याला, वॉल्टर बुलला, खेळाडू-मॅनेजर होण्यासाठी विचारलं होतं. त्याचा विचार बदलला आणि त्याने चॅपमनचं नाव सुचवलं. म्हणजे फुटबॉलच्या इतिहासातला एक सर्वात मोठा मॅनेजर दुसऱ्याच्या नकारामुळे मॅनेजर झाला! नॉर्दॅम्प्टन तेव्हा सदर्न लीगच्या तळाशी होतं. चॅपमनने बघितलं की त्या काळात टीम म्हणजे अकरा जण मैदानात उतरवायचे आणि पुढचं त्यांच्यावर सोडून द्यायचं. योजना वगैरे काही नाही. त्याला हेही दिसलं की एखादी टीम सतत हल्ला करत राहिली तर समोरच्या गोलपाशी इतकी गर्दी होते की गोल मारायला जागाच उरत नाही. मग त्याने मुद्दाम मागे सरकायला शिकवलं. समोरच्याला बाहेर ओढायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत घुसायचं. दोन वर्षांत, म्हणजे १९०८-०९ च्या हंगामात, तळाची टीम सदर्न लीगची विजेती झाली.

याच क्लबमध्ये १९११ मध्ये त्याने वॉल्टर टल या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं. टॉटनहॅमकडून खेळताना प्रेक्षकांनी टलला त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या होत्या आणि नंतर त्या क्लबने त्याला राखीव टीममध्ये ढकललं होतं. चॅपमनच्या क्लबकडून तो शंभरावर सामने खेळला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाला आणि मार्च १९१८ मध्ये फ्रान्समध्ये लढताना मारला गेला.

१९१२ मध्ये चॅपमन लीड्स सिटीला गेला. दोन हंगामांत सेकंड डिव्हिजनच्या तळाची ही टीम चौथ्या नंबरावर आणली आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. १९१६ पासून तो लीड्सजवळच्या बार्नबो इथे दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून काम बघू लागला. क्लबचा कारभार दुसऱ्यांच्या हातात गेला.

इथून पुढची दोन वर्षं त्याच्या आयुष्यातली सर्वात वाईट. युद्धाच्या काळात बाहेरून खेळायला येणाऱ्या खेळाडूंना लीड्स सिटीने नियमबाह्य पैसे दिले असा आरोप झाला. चौकशी समितीने हिशेबाची कागदपत्रं मागितली आणि क्लबने ती द्यायला नकार दिला. ऑक्टोबर १९१९ मध्ये ऐन हंगामात क्लबच बरखास्त करण्यात आला. खेळाडूंचा एका हॉटेलात लिलाव झाला, अगदी जुनं सामान विकावं तसा. आणि क्लबच्या काही पदाधिकाऱ्यांवर फुटबॉलमधून आजन्म बंदी आली. त्यात चॅपमनचंही नाव होतं.

त्याला या पैशांबद्दल किती ठाऊक होतं यावर आजही लोकांचं एकमत नाही. आपण या लेखात त्याला उगाच संत करायला नको. पण विचार करा, घरात बायको आणि चार मुलं. वय चाळिशीच्या पुढे. ज्या खेळात आपण काही करून दाखवू शकतो त्याचा दरवाजा कायमचा बंद. हाताशी होती ती फक्त सेल्बी गावातल्या एका कारखान्यातली नोकरी. १९२० च्या नाताळात तीही गेली. आपल्याकडे एखादा विषय राहिला तरी आपण आयुष्य संपल्यासारखं तोंड करून बसतो. या माणसाचा तर अख्खा कोर्सच रद्द झाला होता.

त्याला वर काढलं हडर्सफील्ड टाऊनने. हा क्लब स्वतःच काही काळापूर्वी पैशांअभावी बुडता बुडता वाचला होता. युद्धकाळात चॅपमन कारखान्यात होता, क्लबच्या व्यवहारात नव्हता, या मुद्द्यावर त्यांनी त्याच्या बंदीविरुद्ध दाद मागायला मदत केली. बंदी उठली आणि १९२१ मध्ये तो तिथे मॅनेजर झाला. १९२२ मध्ये एफए कप मिळाला. अंतिम सामन्यात प्रेस्टनला १-० ने हरवलं, तेही पेनल्टीवर.

१९२३-२४ ची लीग तर आपल्या गणिताच्या सरांनी उदाहरण म्हणून द्यावी अशी आहे. शेवटच्या दिवशी हडर्सफील्ड आणि कार्डिफ सिटी दोघांचे ५७ गुण झाले. तेव्हा गुण सारखे झाले तर मारलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे. हडर्सफील्डचे ६० भागिले ३३, कार्डिफचे ६१ भागिले ३४. कॅल्क्युलेटर काढा आणि करून बघा. १.८१८ आणि १.७९४. फरक फक्त ०.०२४ चा! आणखी एक मजा म्हणजे आजच्यासारखी वजाबाकी केली असती तर दोघांचाही फरक २७ आला असता आणि एक गोल जास्त म्हणून कार्डिफ जिंकलं असतं. कार्डिफने त्या शेवटच्या सामन्यात एक पेनल्टीही घालवली होती. पुढच्या वर्षी चॅपमनने अशी वेळच येऊ दिली नाही. ४२ सामन्यांत त्याच्या टीमने फक्त २८ गोल खाल्ले आणि लीग पुन्हा जिंकली.

१९२५ मध्ये लंडनच्या आर्सेनलने मॅनेजरसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. क्लब २२ संघांत विसावा आलेला, थोडक्यात खालच्या डिव्हिजनमध्ये जायचा वाचलेला. अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी जाहिरातीतच बजावलं होतं की खेळाडूंवर भरमसाट पैसा उधळणाऱ्यांनी अर्ज करू नये. चॅपमन वर्षाला २००० पौंड पगारावर तिथे गेला आणि पहिलं काम काय केलं? सुंदरलँडचा चार्ली ब्यूकन हा नावाजलेला खेळाडू विकत घेतला. सुंदरलँडला ४००० पौंड हवे होते. नॉरिस द्यायला तयार नव्हते. शेवटी सौदा ठरला तो असा, २००० पौंड रोख आणि पहिल्या हंगामात ब्यूकन मारेल त्या प्रत्येक गोलमागे १०० पौंड. ब्यूकनने २१ गोल मारले. म्हणजे किंमत ४१०० झाली. आर्सेनलला शंभर पौंड महागातच पडलं, पण तक्रार कोण करणार?

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. आधी हल्ला करणारा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरचे निदान तीन खेळाडू लागायचे. आता दोन पुरे झाले. बचाव करणाऱ्यांचे हाल सुरू झाले. १९२४-२५ मध्ये फर्स्ट डिव्हिजनमध्ये एकूण ११९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात ते १७०३ वर गेले. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० ने धुतलं. त्या रात्री टीमची बैठक झाली. ब्यूकन आधीपासूनच सांगत होता की मधल्या फळीतला सेंटर-हाफ खाली ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा करा. चॅपमनने ते मान्य केलं. नवीन नियमाने भार कुठे वाढला, तर गोलसमोर मधोमध. तिथेच टेकू दिला. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमवर ४-० ने विजय मिळाला.

कल्पना ब्यूकनची होती आणि इतर काही क्लबही असं काही करून बघत होते. मग चॅपमनचं श्रेय कशात? तर टेकू दिला की दुसरीकडे भोक पडतं, हे त्याला कळलं होतं. मधला माणूस खाली आणला म्हणजे मधली फळी रिकामी झाली. ती भरायला पुढचा एक खेळाडू मागे आणावा लागला. मागच्यांकडून बॉल घेऊन पुढच्यांना पोचवणारा. अशी एकेक जागा बदलत पूर्ण रचना नव्याने उभी राहिली. कागदावर काढली तर पुढचे पाच जण डब्ल्यू आणि मागचे पाच जण एम या अक्षरासारखे दिसतात, म्हणून तिचं नाव डब्ल्यू-एम. पुढची निदान पंचवीस वर्षं जगातल्या कितीतरी टीम याच ड्रॉइंगवर खेळल्या.

ड्रॉइंग झालं, पण स्पेअर पार्ट हवेत ना! ते जमवायला चॅपमनला चार-पाच वर्षं लागली. बचावाच्या मधोमध उभा राहायला त्याने ऑस्वेस्ट्री या छोट्या गावातून हर्बी रॉबर्ट्सला आणलं. डाव्या बचावाला एडी हॅपगुड केटरिंगहून. डाव्या विंगला क्लिफ बॅस्टिन एक्झिटरहून, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षाही लहान. १९२८ मध्ये बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी त्याने १०,८९० पौंड मोजले. दहा हजारांच्या वर गेलेला तो पहिलाच सौदा. तेव्हा खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड पगार देता यायचा, त्यावरून रकमेचा अंदाज येईल. या सौद्याचा किस्सा चॅपमनच्या सहाय्यकाने पुढे लिहून ठेवला आहे. हॉटेलात वेटरला आधीच गाठून चॅपमनने सांगून ठेवलं होतं की बोल्टनच्या पाहुण्यांच्या ग्लासात दुप्पट जिन आणि माझ्या ग्लासात नुसतं टॉनिक. पाहुणे रंगात आले तशी किंमत उतरत गेली.

आणि सर्वात महत्त्वाचा माणूस म्हणजे ॲलेक्स जेम्स, १९२९ मध्ये प्रेस्टनहून ८७५० पौंडांना घेतलेला. बुटका, गुडघ्यापर्यंत लोंबणारी ढगळ चड्डी घालणारा आणि स्वभावाने हट्टी. तो गोल मारणारा खेळाडू होता आणि चॅपमनला तो मागे राहून पास देणारा हवा होता. जेम्स रुसला, सुरुवातीला चाचपडला, प्रेक्षक ओरडू लागले. चॅपमन बदलला नाही. हळूहळू जेम्सच्या पायातून निघालेले पास दोन्ही विंगांवर पोचू लागले आणि गोलांचा पाऊस पडू लागला.

तरी पहिला मोठा कप यायला पाच वर्षं लागली. त्याआधी १९२७ च्या एफए कप फायनलमध्ये गोलकीपर डॅन लुईसच्या हातातून साधा बॉल निसटला आणि कार्डिफ १-० ने जिंकलं. १९२९ मध्ये पैशांच्या गैरव्यवहारावरून अध्यक्ष नॉरिस यांच्यावरच बंदी आली. या वेळी चॅपमनवर काही आलं नाही. अध्यक्ष गेल्यावर क्लब खऱ्या अर्थाने त्याच्या हातात आला. त्या काळी बऱ्याच क्लबमध्ये टीम संचालक मंडळ निवडायचं. आर्सेनलमध्ये शेवटचा शब्द चॅपमनचा राहिला.

२६ एप्रिल १९३० ला वेम्ब्लीवर फायनल झाली, आर्सेनल विरुद्ध हडर्सफील्ड. चॅपमनचा नवा क्लब आणि चॅपमनचा जुना क्लब. त्याच्या सन्मानार्थ दोन्ही टीम शेजारी शेजारी चालत मैदानात आल्या. सामना चालू असताना ग्राफ झेपेलिन हे अवाढव्य जर्मन हवाई जहाज मैदानावरून गेलं. आर्सेनल २-० ने जिंकलं. पुढच्या हंगामात ४२ सामन्यांत १२७ गोल आणि ६६ गुण मिळवून आर्सेनल लीगचं विजेतं झालं. दक्षिण इंग्लंडमधल्या क्लबने लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. १९३२-३३ मध्ये पुन्हा लीग. त्या हंगामात बॅस्टिनने विंगवर खेळून लीगमध्ये ३३ गोल मारले.

पण त्याच हंगामात, जानेवारी १९३३ मध्ये, कपमध्ये वॉल्सॉल या थर्ड डिव्हिजनच्या क्लबकडून आर्सेनल २-० ने हरलं. नेहमीचे काही खेळाडू आजारी, म्हणून राखीव पोरांना उतरवलं होतं. त्यातल्या टॉमी ब्लॅकने धसमुसळा खेळ करून पेनल्टी दिली. आठवड्याभरात त्याला प्लायमथला विकून टाकलं. बंदीनंतर स्वतः दुसऱ्या संधीवर उभ्या राहिलेल्या माणसाने त्या पोराला दुसरी संधी दिली नाही. चॅपमनबद्दल वाचताना मला सर्वात जास्त टोचलेली गोष्ट हीच.

मैदानाबाहेर त्याचं डोकं सतत काहीतरी नवीन काढत असायचं. ऑगस्ट १९२८ मध्ये त्याने खेळाडूंच्या पाठीवर नंबर लावले. लीगने ते सक्तीचे केले १९३९ मध्ये. त्याने मैदानावर ४५ मिनिटांचं मोठं घड्याळ बसवलं. रेफ्रीचा अधिकार कमी होतो म्हणून फुटबॉल असोसिएशनने हरकत घेतली आणि तिथे साधं घड्याळ लावावं लागलं. युरोपात रात्रीचा सामना बघून आल्यावर त्याने हायबरी मैदानाच्या नव्या स्टँडवर १९३२ मध्ये दिवे बसवून घेतले. असोसिएशनने सामन्यासाठी ते लावू दिले नाहीत. हायबरीवर दिव्यांत सामना झाला १९५१ मध्ये. जगभरातले खेळाडू घ्यावेत म्हणून ऑस्ट्रियाचा गोलकीपर रुडी हिडेन आणायचं ठरवलं, तर सरकारनेच अडवलं. आजच्या आर्सेनलमध्ये किती इंग्लिश खेळाडू असतात ते आठवून बघा! एकच मागणी मात्र लवकर मान्य झाली. मैदानाजवळच्या गिलेस्पी रोड स्टेशनचं नाव १९३२ मध्ये आर्सेनल झालं. तिकिटं बदलली, नकाशे बदलले. म्हणजे रेल्वेच्या खर्चाने क्लबची फुकट जाहिरात.

खेळाडूंच्या दुखापतींकडे त्याचं बारीक लक्ष असे. टॉम व्हिटेकर या खेळाडूचा गुडघा १९२५ मध्ये कायमचा गेला. चॅपमनने त्याला शरीरशास्त्र शिकायला लावलं, ट्रेनर केलं आणि आधुनिक उपचारांची खोली त्याच्या हातात दिली. इतर क्लबमध्ये जखमी खेळाडूला ओला स्पंज मिळायचा, इथे विजेवर चालणारी उपचाराची यंत्रं होती.

आणि इतकी काळजी घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या साध्या सर्दीकडे दुर्लक्ष केलं. १ जानेवारी १९३४ ला तो एक सामना बघायला बरी इथे गेला. दुसऱ्या दिवशी शेफिल्डला, कारण शनिवारी गाठ शेफिल्ड वेन्सडेशी होती. रात्री आपल्या जन्मगावी राहिला आणि लंडनला परतला तो अंगात ताप घेऊनच. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणत असताना तो आपल्या तिसऱ्या टीमची पोरं कशी खेळतात ते बघायला गिल्डफर्डला थंडीत जाऊन उभा राहिला. त्याचा न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन दवाखान्यात यायला अजून काही वर्षं होती. ६ जानेवारीला पहाटे तो गेला. वय ५५. त्याच दुपारी हायबरीवर ठरलेला सामना झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला.

आता आकडे बघा. हडर्सफील्डने १९२४, १९२५ आणि १९२६ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली. इंग्लंडमध्ये असं करणारा तो पहिला क्लब. दुसरा क्लब आर्सेनल, १९३३, १९३४, १९३५. दोन्ही टीम चॅपमनने बांधलेल्या. पण हडर्सफील्डचं तिसरं वर्ष आलं तेव्हा तो आर्सेनलमध्ये होता, त्याच हंगामात त्याची नवी टीम हडर्सफील्डच्या मागे दुसरी आली. आणि आर्सेनलचं दुसरं वर्ष पूर्ण व्हायच्या आत तो जगातूनच गेला. दोन्ही वेळा काम त्याचं आणि शेवटची सही दुसऱ्याची.

मला वाटतं, चांगल्या रचनेची खरी परीक्षा हीच असते. बांधणारा निघून गेल्यावर ती उभी राहते की नाही. आपण प्रोजेक्ट करतो तो व्हायवापर्यंत चालला की बस, दुसऱ्या दिवशी सर्किट जळलं तरी चालतं! चॅपमनचं काम त्याच्यामागे चार वर्षांनी, १९३८ मध्येही लीग जिंकत होतं.

हायबरी मैदान २००६ मध्ये बंद झालं. नव्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर २०११ मध्ये चॅपमनचा पुतळा उभारला. तो स्टेडियमकडे तोंड करून उभा आहे, जणू बांधकाम नीट झालंय की नाही ते तपासतोय. पुढच्या शनिवारी टीव्ही रूममध्ये मॅनेजरच्या नावाने ओरडायच्या आधी या खाणकामगाराच्या पोराची एकदा आठवण काढा. आणि हो, ताप असेल तर ग्राउंडवर न जाता रूमवर झोपा.